पान नऊवरची शपथ

तळेगाव (श्यामजी पंत)
१९ नोव्हेंबर

आचल,

फोनमधून काढलंस मला, ठीक आहे. पण तुझ्या संस्थेला माझ्यासारख्या गावोगावच्या 'साथीं'चा महिन्याचा अहवाल कागदावर लागतो, सहीनिशी, आणि तो पुण्यात तुझ्याच टेबलावर येतो. त्याच पाकिटात हे घालतो आहे. अहवाल शुद्ध भाषेत आहे, तो फायलीला लाव. हे फाडायचं असेल तर फाड. पण आधी वाचशील, हे मला माहीत आहे. तू वर्ध्याच्या मेसमधली नोटीससुद्धा शेवटच्या सहीपर्यंत वाचायचीस.

गावात कोणी स्वतःच्या जिवावर उठू नये म्हणून लोकांनी काय करावं, याची पुस्तिका तुम्ही काढताय. चांगलं आहे. पण पहिला मसुदा आठव. कुठल्या तरी थंड देशातला, मराठी कपडे घातलेला. "आपले जीवन संपवावे असे विचार आपल्या मनात येत आहेत का?" मी हा प्रश्न आमच्या गावातल्या रूपरावला विचारला होता. त्यानं बिडी विझवली, नीट बसला आणि म्हणाला, "हो म्हनलं त काय भेटते? नाई म्हनलं त काय कटते?" त्याला वाटलं, योजनेचा सर्व्हे आहे.

म्हणून तू ऑक्टोबरमध्ये स्वतः आलीस, "इथलं काहीतरी" शोधायला. आणि नेमकं त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारावर एक जण दारू सोडत होता. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणून इथे दारू सोडणारेही जास्त. आमच्या गावची रीत तू पाहिलीस. मायच्या डोक्यावर हात, चार मोठी माणसं साक्षीला, नारळ फोडला, शपथ झाली. तुझे डोळे चमकले. "हेच, रोशन! हेच पाहिजे होतं."

किती महिन्यांनी तू माझं नाव घेतलंस. मला पुढचं ऐकूच आलं नाही.

जिवाला कंटाळलेल्या माणसाकडून अशीच शपथ घ्यायची, हे तू तिथेच पारावर बसून लिहिलंस. पान नऊ. मग गाडीत बसून गेलीस. आमच्या घरासमोरून गेलीस. मायनं घरच्या सांभाराच्या, म्हणजे तुमच्या पुण्यातल्या कोथिंबिरीच्या, वड्या तळून ठेवल्या होत्या. गाडीचा आवाज ऐकून तिनं गॅस पुन्हा पेटवला, आणि गाडी गेल्यावर बंद केला. "कामाची पोरगी हाय, घाईत असन," असं म्हणाली. मी त्या वड्या रागानं खाल्ल्या, सगळ्या.

रोशन


७ डिसेंबर

आचल,

अहवालात 'व्यक्ती क्र. १' लिहिलं आहे, कारण नाव लिहायचं नसतं. तुला सांगतो, वैभव आहे तो. शालूबाईचा. आमच्या वावराला लागून त्यांचं वावर, वांगी आणि मिरची. तू त्याला पाहिलं आहेस, गाडीला धक्का मारायला आलेला उंच पोरगा.

तो हायवेवर पहाटे धावायचा. पोलीस भरतीसाठी. ट्रकवाले ओळखायचे त्याला, हॉर्न वाजवून सलाम करायचे. यंदा वयात बसणारी शेवटची भरती होती आणि मैदानावरच गुडघा गेला. पट्टा बांधून उठला, तिसऱ्या फेरीत पुन्हा पडला. तेव्हापासून बाजारात माल घेऊन येत नाही. धावायचे बूट एका नवख्या पोराला देऊन टाकले. मिरची तोडता तोडता एकदा मला म्हणाला, "रोशन, मले आता बस वाटते."

"कायचं बस?"

"हेच. सगळं."

मी शालूबाईला सांगितलं. तिनं भैय्याजीला सांगितलं. भैय्याजी दहा वर्षं सरपंच होते, अजून त्यांना वाटतं की आहेतच. त्यांच्या हातात तुझं पान नऊ दिलं. त्यांना ते फार आवडलं. म्हणाले, पहिल्यांदा पुण्यावाल्याइले अक्कल आली.

पारावर बोलावलं वैभवला. शालूबाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून बसली. 

"हात ठेव मायच्या डोक्यावर. म्हन, मी माह्या जिवाचं काई वाईट करनार नाई."

"भैय्याजी, इथी? सगळ्याइसमोर?"

"दारू सोडनारे सगळ्याइसमोरच सोडतात. तुह्यासाठी काय वेगळा मांडव टाकाचा?"

लोक हसले. वैभव पण हसला. हात ठेवला, म्हणाला ते. नारळ फुटला. रूपरावनं खोबऱ्याचा मोठा तुकडा उचलला आणि वैभवच्या पाठीवर थाप मारली, "होते बे मोकळं. मी बी घेतली होती. शप्पथ घ्याले काई लागत नाई."

मी फोटो काढून साथींच्या ग्रुपवर टाकला. कारण पान नऊच्या खाली तसं लिहिलं आहे. तुझं उत्तर आलं. "खूप छान काम, रोशनजी!" आणि टाळ्यांची दोन चित्रं.

रोशनजी.

वर्ध्याला स्टँडवर माझ्या हातातला अर्धा समोसा हिसकून खाणारी पोरगी मला रोशनजी म्हणते. ठीक आहे, आचलजी. अहवाल जोडला आहे.

रोशन


३० डिसेंबर

आचल,

पान नऊ काढून टाक. छपाईला जाण्याआधी काढ. हे अहवालातही लिहिलं आहे, शुद्ध भाषेत. पण तिथे कारणासाठी तीन ओळींचा चौकोन आहे, त्यात मावत नाही.

वैभव हसतो आता. सगळ्यांशी हसतो. पानठेल्यावर उभा राहतो, कोणी विचारलं, "काय बे, बरा हाय ना?" तर म्हणतो, "एकदम मस्त." गाव खूश आहे. भैय्याजी शेजारच्या गावात जाऊन सांगतात की आमच्याकडे एक केस सुधरली. मी आमच्या दोन वावरांमधल्या धुऱ्यावर त्याच्याजवळ बसलो, म्हटलं, "खरं सांग, येते का मनात?" तर हसणं बंद झालं. म्हणाला, "शप्पथ घेतलेल्या मानसाले असं इचारत नसतात."

ऐक. रूपरावनं तीन वर्षांपूर्वी दारूची शपथ घेतली. त्याची माय नव्हती म्हणून लेकाच्या डोक्यावर हात ठेवून घेतली. त्यानंतर त्यानं दारू सोडली नाही, गावात प्यायची सोडली. कारंज्याच्या रस्त्यावर एका ढाब्यामागे जातो. आधी पिऊन आला की बायको भांडायची, लोक घरी पोचवायचे, सगळ्यांना कळायचं. आता तोंडात इलायची धरून येतो. बायको देवाला दिवा लावते. आपल्या इथे शपथेचा एवढाच उपयोग होतो, आचल. जे होतं ते दिसेनासं होतं. हे या गावातल्या कुत्र्याला पण माहीत आहे. आणि ते तुम्ही पुस्तिकेत छापताय, वर 'स्थानिक परंपरेवर आधारित' असं लिहून.

अजून सांगतो. भरती हुकली तेव्हापासून शालूबाई दारात आडवं अंथरूण टाकून झोपायची. तो उठला की तिच्या अंगावरूनच जावं लागायचं. तिला कोणी पुस्तिका दिली नव्हती. शपथ झाली त्या दिवशी तिनं अंथरूण आत नेलं. "पोट्ट्यानं माह्या डोक्यावर हात ठेवला. आता मले कायचा घोर?" पुढच्या महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला कारंज्याला जाणार आहे, घर त्याच्यावर सोडून.

मधे तिला ताप आला होता. मी सांभार द्यायला गेलो, तर वैभव उंबऱ्यात बसलेला. मायच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायची होती, ती त्यानं मला ठेवायला लावली. स्वतः हात लावला नाही. असा पाहत होता तिच्याकडे, जसं कोणी आपण फोडलेल्या भांड्याकडे पाहतं. मला तेव्हा कळलं नाही.

शपथेचं मला दुसऱ्यांवरून सांगायची गरज नाही, ते तुला माहीत आहे. त्यावर पुढे लिहीत नाही.

पान नऊ काढ.

रोशन


१७ जानेवारी

आचल,

तुझं पत्र मिळालं. संस्थेच्या छापील कागदावर. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. एका व्यक्तीच्या अनुभवावरून मजकूर बदलता येत नाही. पुढील आवृत्तीच्या वेळी विचार केला जाईल. अहवालासोबत वैयक्तिक मजकूर पाठवू नये."

तर आता वैयक्तिकच मजकूर वाच.

परवा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी मी वैभवकडे गेलो. शालूबाई कारंज्याला गेलेली. अंगण झाडलेलं. मायची सगळी भांडी घासून पालथी मांडलेली. गोठ्यात गाईपुढे इतकी वैरण कापून ठेवली होती की चार दिवस तिला कोणी विचारलं नसतं तरी चाललं असतं. तो धुतलेले कपडे घालून खाटेवर बसला होता.

"एवढी वैरण कायले बे?"

"गाईले."

"तू कुठी चालला?"

"कुठीच नाई." आणि हसला. "शप्पथ हाय ना."

 तुमच्या ट्रेनिंगमधलं एक वाक्य आठवेना. शांत स्वरात बोला, डोळ्यांत पहा, कायकाय होतं ते. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि ओरडलो, "मले बी येते बे मनात! एक वर्ष झालं येते!"

 मग मी सांगितलं. आजपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं, एका पोरीला सोडून.

तुला तो दिवस आठवत नसेल तर मी आठवण करून देतो. वर्धा, लायब्ररीच्या मागचा जिना. तुला मी सांगितलं होतं की मला रात्री कायकाय वाटतं. तू रडलीस. मग माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवलास. "माझी शपथ आहे तुला. असलं पुन्हा मनात आणायचं नाही अन् बोलायचं तर नाहीच." मी म्हटलं, बरं. तुझ्या चेहऱ्यावर हायसं वाटलेलं मी पाहिलं. त्याच महिन्यात तू संस्थेच्या नोकरीवर पुण्याला गेलीस, आणि मी सेकंड इयर अर्धवट टाकून इथे आलो. लोक समजतात, सरांशी भांडण झालं म्हणून कॉलेज सोडलं. भांडण तर झालंच होतं. 

तर पान नऊ तुला तळेगावात सापडलं नाही, आचल. ते तू माझ्यावर आधीच चालवून पाहिलं होतंस.

तू घाबरली होतीस, हे मला कळतं. कळतं म्हणून राग कमी होत नाही.

वैभव म्हणाला, "तू त हासत होता बे इतके दिवस."

"तू बी हासूनच राह्यला ना."

मग तो बोलला. एकदा बोलायला लागला तर थांबेना. आपल्याकडे म्हणतात ना, शपथ मोडली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला त्याचं वाईट होतं. त्याच्या डोक्यात बसलं होतं की नुसतं मनात आलं तरी शपथ मोडली. पारावरून घरी पोचायच्या आतच त्याच्या मनात आलं होतं. म्हणजे त्याच दिवशी मोडली. मग मायला ताप आला. तो ताप आपणच आणला, असं धरून बसला होता हा माणूस. म्हणून हात लावत नव्हता. "मेलो त शप्पथ मोडते, रोशन. अन् जितं राह्यलो त रोजच मोडते. माय माह्या पायी झिजून राह्यली. एकदाच काय ते होऊन जाऊ दे म्हनलं."

वाचलंस? पुन्हा वाच. त्याला आधी एक दुःख होतं, गुडघ्याचं. दुसरं तुम्ही दिलं, नारळ फोडून.

मी त्याला एकट्याला सोडलं नाही. फवारणीचं औषध उचलून आमच्या घरी पाठवलं, कुलपात. ते तुमच्या पान सहावर आहे. पान सहा चांगलं आहे, ते कोणी लिहिलं? शालूबाईला फोन केला. ती काळीपिवळी जीपनं आली, तान्हं लेकरू धरल्यासारखी पिशवी छातीशी धरून. मी म्हटलं, "काकू, शप्पथ सोडा याची."

आधी तिला समजेना. समजलं तेव्हा वैभवला एक ठेवून दिली. मग त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवले. "सुटली! सुटली म्हनते ना मी! ताप मले वावरातल्या ओलीनं आला, येड्या! आला मनात इचार त मले सांग. रोज आला त रोज सांग. सांगितल्यानं माय मरत नाई."

घातलेली शपथ घालणाऱ्यानं 'सुटली' म्हटल्याशिवाय सुटत नाही. तुझ्या वडनेरला पण असंच असेल, तुमच्याकडची पोरं काही वेगळं खेळत नसतील.

मला तुझं मोठं पत्र नको. प्रेमाचं तर नकोच, ते मागायची लाज मी अजून सोडलेली नाही. एका कागदावर एकच शब्द लिही. सुटली. संस्थेच्या कागदावर लिहिलंस तरी चालेल.

रोशन


९ फेब्रुवारी

आचल,

उत्तर आलं नाही. पुस्तिका मात्र आल्या. खोकंभर.

आधी दवाखान्याचं सांगतो. वैभवला घेऊन वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात गेलो. शालूबाई सोबत. मी बाहेर बाकावर बसलो होतो, मोबाईल पाहत. वैभव खिडकीशी गेला आणि मोठ्यानं म्हणाला, "दोन केसपेपर द्या." दुसरं नाव माझं सांगितलं. मी उठून त्याची गचांडी धरायला गेलो, तर म्हणाला, "चूप बस बे. त्या दिवशी मले सांगितलं ते काय खोटं होतं?" शालूबाई माझ्याकडे पाहत होती. मग तिनं बाकावर सरकून जागा केली, तिच्या आणि वैभवच्या मधली.

डॉक्टरीणबाई आपल्याच वयाच्या वाटल्या, जरा मोठ्या. त्यांनी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का, केव्हा वाटतं, आज वाटतंय का. शपथ घातली नाही, रागावल्या नाहीत, रडल्या तर नाहीतच. मी 'हो' म्हटलं आणि त्या म्हणाल्या, "बरं केलं सांगितलं." एवढंच. गोळ्या दिल्या, पुन्हा बोलावलं. वैभव बरा झाला असं लिहू नकोस कुठे. परवा दिवसभर तो बोलला नाही. संध्याकाळी मायला जाऊन म्हणाला, "आज लय येऊन राह्यलं मनात." तिनं चूल सोडली आणि त्याच्याजवळ बसून राहिली. दारातलं अंथरूण पण परत आलं आहे. 

घरी आलो तेव्हा मायला मी पण सांगितलं. ती खूप वेळ सांभाराच्या जुड्या बांधत राहिली. मग म्हणाली, "म्हनून जेवत नव्हता काय तू? मले वाटे, पोरीपायी." मी म्हटलं, पोरीपायी पण.

आता तुझ्या पुस्तिका. कागद गुळगुळीत आहे, अभिनंदन. पान नऊवर फोटो छापलाय. वैभवचा हात, शालूबाईचं डोकं. चेहरे पुसलेत. पण त्या हिरव्या साडीवरून शालूबाईला अख्खं गाव ओळखतं, नाकाडोळ्यांची गरजच नाही. ती फोटो पाहून घरात गेली आणि ती साडी पेटीच्या तळाशी टाकून आली. 

मी खोकं मधोमध ओढलं आणि पान नऊ फाडायला बसलो. पहिलं फाडलं, आणि वैभवनं हात धरला. मागे पान दहा आहे. त्याच्यावर मदतीचे फोन नंबर आहेत, मोठ्या आकड्यांत, अडाण्यालाही लावता येतील असे. त्यातला एक तर त्यानं स्वतः लावला होता, दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी. म्हणजे तुमचं चुकलेलं फाडावं तर कामाचंही जातं. असंच आहे तुमचं सगळं. तुझंही.

म्हणून फाडलं नाही. पेनानं फुली मारायला घेतली, एकेका पुस्तिकेवर. भैय्याजी आले. "छापील कागदावर गिचमिड करता? पुन्यावाले काय म्हनतीन?"

वैभव म्हणाला, "भैय्याजी, हा फोटो माह्या हाताचा हाय. माह्या हातावर मी काई बी लिहीन."

 भैय्याजी खाली बसले, चष्मा लावला आणि म्हणाले, "आन इकडे एक पेन." कबूल काही केलं नाही, तसे ते माणूसच नाहीत. पण फुल्या सगळ्यांत ठळक त्यांच्याच आहेत.

फुलीखाली काय लिहायचं, हे मी वैभवला विचारलं. त्यानं सांगितलं तसं सगळ्यांवर लिहिलं. "शपथ घालू नका. विचारा. सांगू लागला तर मधे बोलू नका. एकटा सोडू नका, दवाखान्यात सोबत जा. उद्या पुन्हा विचारा." एक प्रत सोबत पाठवतो आहे. बाकीच्या आम्ही वाटल्या. मी साथी म्हणून राजीनामा दिला आहे, पण तो पुढच्या महिन्यापासून. कारण या पुस्तिका वाटायच्या आधीच गेलो असतो तर तुम्ही दुसरा कोणीतरी फोटो काढणारा नेमला असता.

तू 'सुटली' लिहिलं नाहीस. मला वाटतं, तुला भीती वाटली असेल की लिहिलंस तर तो जिना, ते सगळं खरं होईल. नाहीतर वेळ मिळाला नसेल. मी दोन्ही मानून पाहिलं, दोन्हींचा सारखाच राग येतो.

शपथ मी मोडली आहे. वैभवजवळ मोडली, डॉक्टरीणबाईंजवळ मोडली, मायजवळ मोडली. मला या असल्या गोष्टी पटत नाहीत, तरी प्रत्येक वेळी त्यानंतर पहिल्यांदा ग्रुप उघडून पाहिला. काल तुझा मेसेज होता. "सर्व साथींनी फेब्रुवारीचे अहवाल वेळेत पाठवावेत."

जिवंत आहेस.

मी फोन उशाशी ठेवला आणि किती दिवसांनी झोपलो.

रोशन